लष्करी रुग्णवाहिकेचा कॅम्पर : आधी पत्रा, मग पलंग

लिलावातली जुनी लष्करी रुग्णवाहिका कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली प्रवासाची गाडी, करण्यासाठी तुम्ही गावी आणून उभी केलीत, याचा मनापासून आनंद झाला. गाडी दणकट आहे. फक्त घाई करू नका. नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलावतो, आणि तीच चूक सर्वांत महागात पडते. आधी फरशीवरचे रबर उचला आणि पत्र्याचे जोड गंजले आहेत का, ते पेचकसाने टोकरून पाहा. माझ्या गाडीत वरून तुकतुकीत दिसणाऱ्या पत्र्यातून पेचकस आरपार गेला होता आणि तयार झालेला पलंग पुन्हा उपसावा लागला.

कागदपत्रेही त्याच सुमारास मार्गी लावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे मनाजोगे फेरफार परवानगीवाचून करता येत नाहीत, म्हणून आरटीओत आधी विचारा. शिवाय ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव असल्यामुळे, तो कितीही आवडला तरी बदलावा लागेल.

त्यानंतर वजनाकडे पाहा. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, म्हणून टाकी मागच्या चाकांच्या पुढे आणि शक्य तितकी खाली बसवा, कारण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत जड गाडी रुतली की फोर व्हील ड्राइव्हचीही चाके जागीच फिरतात. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. छताचे इन्सुलेशन आणि हवा खेचणारा पंखा पलंगाआधी हवा. मात्र पंखा जोडण्यापूर्वी बॅटरी तपासा : अनेक लष्करी गाड्या 24 व्होल्टच्या असतात, त्यावर 12 व्होल्टचा पंखा सरळ जोडल्यास जळतो.

सोलर, गरम पाणी सध्या राहू द्या. पहिल्या दोन रात्री रिकाम्या गाडीत, शेताच्या धुऱ्याजवळ सतरंजी टाकून काढा, काय अडते ते वहीत टिपा आणि मगच सुताराला मापे द्या.