शकूमावशीकडे दाखला मागू कसा?

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि माझी समुपदेशनाची दुपारची सगळी सेशन्स रद्द झाली. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना तो दिवस वेगळा सांगायला नको. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार होती. आरोपी कंत्राटदारामार्फत लागलेला सफाई कामगार होता, कामावर येऊन त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. पुढचे दोन महिने माझ्याकडे आयांची रीघ लागली. मूल पाळणाघरात ठेवते, ऑफिसात लक्ष लागत नाही, रात्री दचकून जाग येते. सगळ्यांचं थोडंफार सारखंच.

त्या रिघेत एक बाई मात्र पलीकडच्या बाजूच्या होत्या. त्या पाळणाघर चालवत होत्या.

वैशालीताई. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही.) डोंबिवलीत तळमजल्यावरच्या राहत्या घरात चौदा वर्षं पाळणाघर, सोळा मुलं, दोन मावश्या, एक स्वयंपाकाच्या बाई. तक्रार होती छातीत धडधड आणि पहाटे तीनला येणारी जाग. डॉक्टरांनी ईसीजी काढून ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पाठवलेलं. पहिल्या सेशनमध्ये त्या बदलापूरबद्दल बोलल्या, मुलांबद्दल बोलल्या, रडल्या. मला वाटलं, बातम्या फार पाहिल्यात.

दुसऱ्या वेळी खरं बाहेर आलं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका आईने विचारलं होतं, “ताई, स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय ना?” खाली अकरा अंगठे. वैशालीताईंनी लिहिलं, “हो.”

झालेलं नव्हतं. कुणाचंच.

“मग करून टाकायचं ना,” असं मी म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं. कारण त्या लगेच म्हणाल्या, “मॅडम, शकूमावशी अकरा वर्षं आहे माझ्याकडे. माझ्या ओंकारला न्यूमोनिया झाला तेव्हा ती हॉस्पिटलात माझ्याबरोबर जमिनीवर झोपली. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू, पोलिसांकडून लिहून आण की तू चांगली आहेस?”

हा प्रश्न मला पाळणाघरवाल्यांनी, बालवाडीच्या बाईंनी, नृत्याचे क्लास घेणाऱ्यांनी इतक्यांदा विचारला आहे की त्यासाठीच हे लिहायला घेतलं. माणूस विश्वासाचं आहे. मग कागद मागितला तर विश्वास तुटतो का?

नियमाचं आधी सांगून टाकते, कारण ते थोडक्यात आटपतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, आणि त्याखालचे नियम मार्च २०२० मध्ये नव्याने आले. त्यातला तिसरा नियम सांगतो की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी करायची. शाळा, पाळणाघर, खेळाची अकादमी, सगळे त्यात आले. कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडू मारणारा. आणि एकदा करून फाइल बंद नाही, ठरावीक काळाने पुन्हा. बदलापूरनंतर राज्य सरकारने शाळांना पुन्हा आदेश काढून बजावलं म्हणून बऱ्याच लोकांना वाटतं की ही २०२४ ची नवी कटकट आहे. नियम चार वर्षं पडून होता. वैशालीताईंनी तो ऐकलाही नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अकरा अंगठेवाल्या पालकांनीही.

पण नियम सांगून वैशालीताईंची पहाटे तीनची जाग गेली नसती. ‘कायदा आहे म्हणून’ ही ढाल पुढे करून त्यांनी मावशीकडे दाखला मागितला असता, तर तो मिळाला असता, आणि दोघींच्या मध्ये काहीतरी कायमचं बसलं असतं.

मी त्यांना एक कोरा कागद दिला. म्हटलं, सकाळी आठ ते रात्री आठ तुमच्या घराचा उंबरा जे जे मोठं माणूस ओलांडतं, त्यांची नावं लिहा. किती वेळ असतात तेही.

त्यांनी तीन नावं लिहिली. शकूमावशी, दुसरी मावशी, स्वयंपाकाच्या बाई. पेन खाली ठेवलं.

“तुमचे यजमान दुपारी कुठे असतात?”

“घरीच. रिटायर झालेत ना.”

“आणि ओंकार?”

“त्याचं वर्क फ्रॉम होम.” थांबल्या. “त्याचे मित्र येतात कधीकधी. पण ते आतल्या खोलीत.”

आतल्या खोलीत कोण झोपतं दुपारी? तिथे एसी असल्यामुळे सहा लहान मुलं. मग पेन पुन्हा उचललं गेलं. यजमान, ओंकार, ओंकारचे दोन मित्र, शाळेतून मुलं आणणारे व्हॅनवाले काका, शनिवारी चित्रकला शिकवायला येणारा पुतण्या. आणि सगळ्यात शेवटी, माझ्याकडे न बघता, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

कागदावर आता दहा नावं होती. पडताळणीची अडचण फक्त त्यातल्या एका नावापाशी वाटली होती, आणि ते नाव घरात सगळ्यात कमी पगार घेणाऱ्यांपैकी एक होतं. हे मी त्यांना ऐकवलं तेव्हा त्या चिडल्या. “म्हणजे माझा नवरा आणि मुलगा…?”

“नाही. पण शकूमावशी तरी कुठे?”

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा होता.

मला इथे एक कबुली द्यायची आहे. त्याच सेशनच्या शेवटी वैशालीताईंनी सहज विचारलं, “तुमचाही असेल ना हो दाखला? तुमच्याकडे मुलं येतात.” माझ्याकडे नव्हता. वीस वर्षं मुलांबरोबर बंद दाराआड बसते आहे मी. माझी पदवी कुणी पाहिली असेल, पोलिसांकडची माझी नोंद कुणी पाहिली नव्हती. त्याच आठवड्यात अर्ज केला, आणि तो भरताना मला जे वाटलं ते पुढच्या सेशनला उपयोगी पडलं. अपमान वाटतो. थोडासा, पण वाटतो. ‘चारित्र्य पडताळणी’ हे नावच असं आहे की बाईच्या मानेवर काटा यावा. चारित्र्य म्हटलं की आपल्याकडे काय काय डोक्यात येतं! प्रत्यक्षात पोलीस बघतात ते एवढंच, की तुमच्यावर गुन्ह्याची नोंद आहे का.

वैशालीताईंना धीर आला तो मात्र माझ्या बोलण्याने नव्हे, नणंदेच्या फोनने. ती न्यू जर्सीत एका डे-केअरमध्ये काम करते. तिला यात रडण्यासारखं काय आहे तेच कळेना. तिकडे २०१४ च्या केंद्रीय कायद्यापासून सरकारी अनुदान घेणाऱ्या केंद्रांत बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत आणि मुलांशी गैरवर्तन केलेल्यांच्या राज्याच्या यादीत नाव शोधतात, गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या राज्यात राहिलात तिथेही विचारतात, आणि पाच वर्षांनी हे सगळं परत. संचालिकेपासून सगळ्यांचं. नणंदेने वर एक किस्सा सांगितला. तिच्या ओळखीच्या एक गुजराती बाई घरातच डे-केअर चालवतात, तर घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी झाली. भारतातून राहायला आलेल्या सासऱ्यांना नेऊन ठसे द्यायला लावले. सासरे आठवडाभर बोलत नव्हते, मग विसरले.

आपल्या नियमात घरातल्या माणसांचा असा वेगळा उल्लेख नाही, तो कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो. पण झोपलेल्या मुलाला पगारपत्रक वाचता येत नाही, असं मी म्हणाले. हे वाक्य जरा नाटकी झालं, पण लागू पडलं.

ठरलं असं की पहिला अर्ज वैशालीताईंचा, दुसरा यजमानांचा, तिसरा ओंकारचा. मावश्यांना तोवर काही बोलायचं नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो, मग आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. (घरकामगाराची किंवा भाडेकरूची माहिती ठाण्यात नुसती देऊन येणं वेगळं. पुष्कळ जण त्या पोचपावतीलाच व्हेरिफिकेशन समजतात.)

यजमान भडकले. पस्तीस वर्षं बँकेत काढली, लाखोंची कॅश हाताळली, आणि आता चारित्र्याचा दाखला? तोही बायकोच्या पाळणाघरासाठी? दोन दिवस जेवणाच्या टेबलावर हेच. वैशालीताईंनी त्यांना नियम सांगितला नाही. एवढंच विचारलं, “अहो, तुम्हाला एवढं लागलं, तर शकूला किती लागेल? आणि ती मला असं बोलून दाखवू शकेल का?” यजमान म्हणाले काहीच नाहीत. सोमवारी ठाण्यात जाऊन आले.

मग शकूमावशी. हा संवाद आम्ही सेशनमध्ये तीनदा करून पाहिला होता, मी मावशी होऊन. पहिल्या वेळी वैशालीताईंनी इतकी माफी मागितली की मलाच संशय यावा की माझ्यावर काहीतरी आळ आलाय. तिसऱ्या वेळी त्या सरळ बोलल्या. प्रत्यक्षातही तसंच बोलल्या: शकू, हा माझा कागद, हा साहेबांचा, हा ओंकारचा. आता तुम्हा तिघींचे करायचेत. अर्ज ओंकार भरेल, पैसे मी देईन, ठाण्यात मी बरोबर येईन, त्या दिवसाचा पगार कापणार नाही.

मावशी गप्प झाली. चिडली नाही, घाबरली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. वैशालीताईंचा मला फोन: “बघा, गेली ना ती!”

तिसऱ्या दिवशी आली आणि मोरीपाशी उभी राहून म्हणाली, “ताई, माझ्यावर केस हाये.”

चाळीतल्या नळावरचं भांडण. पंधरा वर्षांपूर्वीचं. शेजारणीने ठाण्यात जाऊन तक्रार लिहवली होती, हिनेही उलटी लिहवली होती. दोन एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदी. अशा नोंदीत न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करत नाहीत. पण हिच्या मनात पंधरा वर्षं ती ‘केस’ होती, आणि अकरा वर्षं ती या भीतीत होती की ताईंना कळलं तर काम जाईल. विश्वासाच्या माणसाला काय वाटेल म्हणून वैशालीताई झोपत नव्हत्या, आणि विश्वासाचं माणूस आपलं काय बाहेर येईल म्हणून गप्प होतं. दोघींनी एकमेकींना किती जपलं होतं!

कागदावर काही नोंद निघालीच तर काय, हेही आधी ठरवून ठेवायचं असतं, नाहीतर घाबरून निर्णय होतात. मुलांवरचा गुन्हा, लैंगिक गुन्हा, गंभीर मारहाण असेल तर चर्चा नाही. नळावरची बाचाबाची ही वेगळी गोष्ट. मावशीच्या प्रमाणपत्रात काहीच निघालं नाही. तिने ते लॅमिनेट करून घेतलं.

आता एवढं सगळं करून मी पालकांना सांगते की या कागदावर फार रेलू नका, तेव्हा ते गोंधळतात. कागद सांगतो की आजवर या माणसाविरुद्ध पोलिसांकडे काही आलेलं नाही. जे कधी सांगितलंच गेलं नाही, ते त्यात नसतं. आणि मुलांच्या बाबतीत बहुतेक सांगितलं जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे, पण ती पोलीस यंत्रणेलाच पाहता येते, तुम्हा-आम्हाला नाही. म्हणून आधीच्या कामाच्या ठिकाणी केलेला एक फोन कधीकधी प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगतो. ‘बाईंना परत कामावर घ्याल का?’ असं विचारायचं आणि पलीकडचा किती वेळ थांबतो ते ऐकायचं. कॅमेऱ्याचंही तेच. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या बाळाला मारलं, ते कॅमेऱ्यात होतं. पण चित्रण पाहिलं गेलं ते बाळाला इजा झाल्याचं लक्षात आल्यावर. वैशालीताईंनी आतल्या खोलीचं दार काढून टाकलं, मूल शी-शूला नेताना दुसरी बाई दिसेल अशा जागी उभी राहते, आणि ओंकारचे मित्र आता संध्याकाळी साडेआठनंतर येतात. मला विचाराल तर या तीन गोष्टी दहा दाखल्यांच्या तोडीच्या आहेत. पण दाखल्याशिवाय नाही.

ग्रुपवर त्यांनी लिहिलं, “मागे मी ‘हो’ लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. आता सगळ्यांचे अर्ज केलेत, येतील तसे दाखवते.” हे लिहायला त्यांना चार दिवस लागले. एका आईने मूल काढून घेतलं. बाकीच्यांपैकी तिघींनी फोन करून बरं वाटलं म्हणून सांगितलं. त्या रात्री त्या सहा वाजेपर्यंत झोपल्या.

दहा नावांतलं एक राहिलं. व्हॅनवाले काका. मुलांचे सगळ्यात लाडके, खिशात नेहमी लिमलेटच्या गोळ्या. ते वैशालीताईंचे नोकर नाहीत, पालक त्यांना परस्पर पैसे देतात. अर्जाचं विचारल्यावर म्हणाले, बघू. दुसऱ्यांदाही बघू. तिसऱ्यांदा विचारायच्या आत निरोप आला की या रूटवर आता परवडत नाही. काही पालक वैशालीताईंवरच चिडले, इतका चांगला माणूस घालवलात म्हणून. दुसरे कुजबुजायला लागले, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. मी वैशालीताईंना दोन्हीपासून लांब राहायला सांगितलं. नकार म्हणजे गुन्हा नव्हे. कारण आम्हाला कळलं नाही, कदाचित खरंच परवडत नसेल.

सध्या शाळेतून मुलांना रिक्षाने आणायच्या पाळ्या लावल्या आहेत, दर वेळी दोन मोठी माणसं. शुक्रवारी शकूमावशी आणि बँकेतले साहेब जातात. साहेब गोळ्या देत नाहीत, त्यामुळे शुक्रवार मुलांना आवडत नाही.