प्रश्न तुमचे : पट्टी दिसते, पण वाचता येत नाही

नागपूर शहरातल्या स्थानिक बातम्यांचं रूप गेल्या काही वर्षांत बदललं. अँकर मागे गेला आणि मजकुराच्या पट्ट्या पुढे आल्या. त्याबद्दल प्रश्न मागवले, तर निम्म्याहून जास्त पत्रं एकट्या खालच्या पट्टीवरच आली. म्हणून उत्तरांतही तिचाच वाटा मोठा आहे.

आमच्या टीव्हीवर स्थानिक बातम्यांची सगळ्यात खालची ओळ अर्धी कापलेली दिसते, कोपऱ्यातला लोगोही अर्धाच. त्याच केबलवर शेजाऱ्यांकडे सगळं पूर्ण दिसतं. केबलवाला म्हणतो, टीव्ही बदला. — एक वाचक, सक्करदरा

टीव्ही बदलू नका. तुमचा टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतो आहे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या कडा काचेच्या चौकटीमागे लपवाव्या लागत, म्हणून ही सोय होती. सपाट टीव्हीत तिची गरज उरली नाही, पण बऱ्याच संचांत ती कारखान्यातूनच चालू असते.

रिमोटवर पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो उघडा. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो. तो दिसतच नसेल, तर सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेला आहे का ते पाहा. त्या जोडणीवर हा पर्याय बहुधा बंदच असतो. बॉक्सला एचडीएमआय असेल तर ती वायर लावा. लाल पट्टीवरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, तेही त्याच झटक्यात कमी होईल, कारण पिवळ्या वायरीतून रंगाचा तपशील फार कमी जातो आणि गडद लाल सगळ्यात आधी पसरतो.

एवढं करूनही ओळ कापलेलीच राहिली, तर चूक वाहिनीची. १९२० बाय १०८० च्या चित्रात चारही बाजूंनी ५ टक्के जागा अक्षरांपासून मोकळी ठेवायची असते, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. संगणकाच्या मॉनिटरवर ही जागा वाया गेल्यासारखी वाटते. मग डिझायनर पट्टी अगदी तळाला चिकटवतो, आणि सक्करदऱ्यात ती कापली जाते.

अँकरचे चेहरे रुंद, चपटे दिसतात. फक्त स्थानिक वाहिनीवरच असं का? — वाचक, महाल

चित्र ४:३ आकाराचं आहे आणि तुमचा टीव्ही ते १६:९ च्या पडद्यावर ताणतो आहे. त्यामुळे रुंदी एक तृतीयांशाने वाढते. गोल लोगो किंवा घड्याळ पडद्यावर आलं की फूटपट्टीने मोजा. आडवं माप उभ्यापेक्षा जास्त भरलं की ताण नक्की. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार १६:९ केलेला आहे का ते बघा, मग टीव्हीवर ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. बाजूला काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. चेहरा नीट आणि अक्षरं मात्र उभट, बारीक झाली, तर दृश्य एका आकारात आणि ग्राफिक्स दुसऱ्या आकारात बनवून एकत्र केलंय असं समजा. त्यावर घरी उपाय नाही.

मी छोट्या बातमी चॅनेलसाठी ग्राफिक्स करते. मराठी मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडेच बसतो. फाँट बदलून पाहिले, फरक नाही. — वाचक, हिंगणा रोड

दोष फाँटचा नाही, अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वसामान्य अक्षरसंकेतात, ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. ती डावीकडे नेऊन बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. फक्त लॅटिन लिपी समोर ठेवून चालणारी यंत्रणा अक्षरं आल्या क्रमाने मांडत जाते आणि ‘महानगरपालिका’चे तुकडे होतात.

आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेस, टाइप इथे आणि प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्स इथे टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. आधीची मोडलेली ओळ दुरुस्त करत बसू नका, नवीन टेक्स्ट लेयर घेऊन मजकूर पुन्हा टाका. थेट प्रक्षेपण ओबीएस या सॉफ्टवेअरवरून होत असेल, तर ‘फ्रीटाइप २’ चा टेक्स्ट सोर्स देवनागरी मोडतो. विंडोजवर ‘जीडीआय प्लस’ वापरा. त्याहून बरं म्हणजे पट्टी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारखी, बनवून ब्राउझर सोर्सने आणा. ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो आणि मजकूर वेगळ्या फाइलमधून बदलता येतो. स्वीडनच्या सार्वजनिक टीव्हीने तयार केलेलं कॅस्पर-सीजी हे मोफत सॉफ्टवेअरही एचटीएमएल साचे चालवतं.

तुमच्याकडे जुनं कॅरॅक्टर जनरेटर (पडद्यावर अक्षरं टाकणारं यंत्र) असेल, तर प्रकार उलटा असतो. ते युनिकोडपूर्व फाँटवर चालतं आणि वार्ताहराचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून युनिकोडमध्ये येतो. चिकटवला की चौकोन. कन्व्हर्टर लावला तरी ‘ऱ्य’, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घालावेच लागतात. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होणं ही त्यातली नेहमीची चूक. नवीन फाँट किंवा मशीन तपासायला तीन शब्द पुरेत: त्रिमूर्तीनगर, विद्यार्थ्यांनी, वाऱ्यावर. चौथा हवाच असेल तर ट्रॅक्टर, अर्धचंद्रासाठी.

फाँटमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही पाहा. बरेच फाँट न सांगता हिंदी वळण देतात. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण पट्टी परकी वाटते.

आता शिरोरेषा. इंग्रजी अक्षरांना थरथरण्याची अडचण एवढी येत नाही, म्हणून परदेशी साच्यांत तिचा विचारच नसतो. इंटरलेस्ड प्रक्षेपणात प्रत्येक चित्र दोन भागांत, म्हणजे दोन फील्डमध्ये जातं: एक विषम ओळींचं, एक सम ओळींचं. एकाच ओळीएवढी जाड आडवी रेघ सेकंदाला २५ वेळा येते आणि जाते, त्यामुळे अख्खी पट्टी थरथरते. एचडीत बनवलेलं चित्र केबलवर बरेचदा एसडीत, म्हणजे ५७६ ओळींत उतरतं, तेव्हा एचडीतली २ पिक्सेलची शिरोरेषा जेमतेम एक ओळ उरते. ती किमान ४ पिक्सेल ठेवा, म्हणजे खाली दोन ओळी मिळतील. बारीक, नाजूक वजनाचे फाँट पोस्टरला शोभतात. पट्टीला मध्यम किंवा ठळक वजनच घ्या. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी हवी. वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार यांना जागा लागते. साचा इंग्रजीवरून उचलला की ‘कुऱ्हाडी’चा उकार पट्टीच्या कडेखाली जातो.

सरकती पट्टी अडखळत चालते. शिवाय इतकी पळते की आई म्हणते, “जरा थांबव ना तिला.” — वाचक, मनीषनगर

ही दोन दुखणी आहेत. अडखळणं बहुतेक वेळा वेगाच्या आकड्यामुळे येतं. आपल्याकडे सेकंदाला ५० फील्ड जातात. पट्टी दर फील्डला पूर्ण पिक्सेलमध्ये सरकली पाहिजे: ४, ५ किंवा ६. साडेचार ठेवलं की प्रत्येक फील्डला अक्षराच्या कडा नव्याने मोजल्या जातात आणि ती चमचमते. पट्टी दोन पावलं पुढे, एक मागे अशी चालत असेल, तर फील्डचा क्रम उलटा आहे. एचडीत वरचं फील्ड आधी जातं आणि जुन्या डीव्ही टेपच्या चित्रात खालचं. दोन्ही एकाच टाइमलाइनवर घेताना हा क्रम जुळवायचा राहून जातो.

वेगाचं गणित सोपं आहे. दर फील्डला ४ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २००. शब्द पडदा ओलांडायला ९.६ सेकंद घेतो. ६ पिक्सेलला हाच वेळ ६.४ सेकंद होतो. आईंना ४ सोयीचं, ६ च्या पुढे कुणालाच नाही. वाहिन्या वेग वाढवतात कारण पट्टीत बातम्या जास्त भरलेल्या असतात. बातम्या कमी करणं हा उपाय आहे, पण तो संपादकाच्या हातात असतो, डिझायनरच्या नाही.

टीव्हीवर अक्षरं ठीक दिसतात, पण तेच बुलेटिन मोबाइलवर लावलं की काहीच वाचता येत नाही. — वाचक, धरमपेठ

मोजून बघा. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५३.५ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे ४० पिक्सेलचं अक्षर २ सेंटीमीटर भरतं. तीन मीटरवरून ते आरामात वाचता येतं. मोबाइल उभा धरला की त्याच चित्राची उंची पावणेचार-चार सेंटीमीटर उरते आणि अक्षर दीड मिलिमीटरचंही भरत नाही. टीव्हीसाठी केलेली चौकट तशीच मोबाइलवर टाकणं म्हणजे वाचायची आशा सोडणं. उभ्या पडद्यासाठी १०८० बाय १९२० चा वेगळा साचा हवा, त्यात एकच ओळ आणि अक्षर किमान ६० पिक्सेलचं.

त्यात भर म्हणजे एका पडद्यावर किती गोष्टी. तळाला २५० पिक्सेलची ब्रेकिंग पट्टी, तिच्याखाली ७० ची सरकती ओळ, उजवीकडे ४८० रुंदीचा जाहिरात-हवामानाचा रकाना. एवढ्यात चित्राला पडद्याचा ५३ टक्के भाग उरतो. न्यूजरूममध्ये खालच्या पट्टीला ‘अ‍ॅस्टन’ म्हणतात. अ‍ॅस्टन ही अशी यंत्रं बनवणारी ब्रिटिश कंपनी. बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा चार-पाच सेकंद दाखवून पट्टी निघून जायची. आताची पट्टी जातच नाही.

मे महिन्यात ४३ अंश असलं तरी आमच्या वाहिनीवर सगळा विदर्भ लालभडक. मग हवामान खात्याचा रेड अलर्ट वेगळा कसा ओळखायचा? काहून असं करतात? — वाचक, त्रिमूर्तीनगर

दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकाच रंगात रंगवल्यामुळे असं होतं. हवामान खात्याचे चार रंग तापमान दाखवत नाहीत, तयारी किती करायची ते सांगतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. अलर्ट हा शब्द खात्याच्या कोष्टकात नारिंगीपुढे आहे. पिवळ्यापुढे ‘वॉच’ आहे. आपण मात्र सरसकट ‘यलो अलर्ट’ म्हणतो.

मैदानी भागात कमाल तापमान ४० वर आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असलं तर उष्णतेची लाट, त्याच्याही पुढे तीव्र लाट. किंवा थेट ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. शिवाय एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती हवी. विदर्भ हा असा एक उपविभाग. मे महिन्यात नागपूरची सरासरीच ४२-४३ च्या घरात असते, त्यामुळे इथे ४३ म्हणजे नेहमीचा मे. नकाशा लाल करण्याजोगं त्यात काही नाही.

ग्राफिक्स करणाऱ्यांनी तापमानासाठी एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्याव्यात, जांभळ्या किंवा तपकिरी. इशाऱ्याचे चार रंग फक्त इशाऱ्यासाठी राखून ठेवावेत आणि रंगाबरोबर शब्दही लिहावा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे प्रेक्षक असतात. संत्र्याच्या शहरात सजावटीला नारिंगी वापरायचा मोह होतो, तो हवामानाच्या पानावर आवरावा.

क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर, बातम्या वाचताना अँकरच्या हातातल्या बांगड्या गायब होतात. हिरवा चुडा काढायला सांगणं बरं वाटत नाही. — वाचक, मानेवाडा

सांगायची गरज नाही, कापड बदला. हिरवा पडदा काढताना मशीन हिरवा रंग शोधतं आणि काचेच्या बांगडीतून तर मागचंच कापड दिसत असतं. मोरपंखी आणि धूपछांव साड्यांचंही तेच. निळं कापड लावा, त्या दिवशी निळी साडी टाळा. हिरवंच ठेवायचं असेल, तर अँकरला कापडापासून दोन मीटर पुढे बसवा म्हणजे खांद्यावर हिरवी झाक पडणार नाही. कापडावर वेगळा, सगळीकडे सारखा उजेड पाडा आणि सुरकुत्या इस्त्रीने घालवा. गडद बाटली-हिरव्या बांगड्या अशा वेळी वाचतात, पोपटी वाचत नाहीत.

मागे एलईडी भिंत असेल तर बांगड्यांचा प्रश्नच मिटतो, पण तिथे कॅमेऱ्यात लाटा उठतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० ठेवा, फोकस अँकरवर घट्ट आणि भिंत जराशी धूसर. भिंतीच्या दिव्यांमधलं अंतर २.५ मिलिमीटर असेल तर कॅमेरा तिच्यापासून निदान अडीच मीटर दूर हवा.

काही स्थानिक वाहिन्यांवर कोपऱ्यात ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ असं लिहिलेलं असतं. ही जाहिरात आहे का? — वाचक, इतवारी

नाही. केबल कंपनी स्वतः चालवते त्या वाहिनीवर हे लिहिणं बंधनकारक आहे, म्हणजे ती उपग्रह वाहिन्यांपासून वेगळी ओळखू यावी. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. त्याच सूचनांनुसार कार्यक्रमांचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं. एखाद्या बातमीबद्दल तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ आणि पडद्याचा फोटो जोडून त्या मुदतीच्या आत करा.