ध्यानाला गाणं नको, तानपुरा लावा

सुरुवातीला संगीत लावून बसलात तरी काही बिघडत नाही. फक्त शब्द नकोत, अगदी अभंगसुद्धा. मन ओळ पूर्ण करायला धावतं. बासरीचंही तेच, वाजवणारा पुढची सुरावट कशी घेईल याची वाट बघत बसतो आपण. त्यापेक्षा मोबाईलवर नुसता तानपुरा लावा, आवाज अगदी बारीक. त्याच्या चार तारा एकामागून एक वाजतात: आधी पंचम (प), मग जोडीच्या दोन तारा (सा), शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा. त्या खर्जाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरत जाते तिकडे कान ठेवा. भरकटलात की पुढच्या खर्जावर परत या. मध्येच जाहिरात वाजणार नाही एवढं आधी बघा.

थोडं जमलं की शेवटची ५ मिनिटं तानपुरा बंद करून बसा. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं मनात असेल तर हे आत्तापासूनच करा, तिथे संगीत चालत नाही.