पेसाहला आठ रात्री बाहेर, की चारच?

ताई, तुमचा प्रश्न असा. तुम्ही न्यू जर्सीत राहणारं बेने इस्रायली (मूळच्या महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाचं) कुटुंब, दोन मुलं. पेसाह या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणाला घराची साफसफाई, वेगळी भांडी, दोन रात्रींचा सेदेर (विधीपूर्वक रात्रीचं जेवण) हे सगळं तुमच्याच अंगावर पडतं. ठाण्यासारखं गोतावळ्यात सण साजरा करणं इथे होत नाही. म्हणून २०२७चा पेसाह कनेक्टिकटमधल्या एका ज्यू निवासी केंद्रात करावा का? आठ रात्रींचे ७,२०० डॉलर, पहिल्या चार रात्रींचे ४,०००.

माझं मत: जा, पण चारच रात्री. आणि आधी क्रेडिट कार्ड फेडा.

कार्डावर ४,३०० डॉलर थकलेत, व्याज २४ टक्के. म्हणजे महिन्याला ८६ डॉलर नुसते व्याजात जातात. बचत खात्यातल्या १०,००० मधून ते आजच भरून टाका. उरतील ५,७००, जेमतेम एका महिन्याचा घरखर्च. हे मलाही फारसं आवडत नाही, पण तुम्ही महिन्याला ७५० बाजूला टाकता आणि हातात दहा महिने आहेत.

आता पंचांग पाहा, खरी गंमत तिथे आहे. पहिला सेदेर बुधवारी, २१ एप्रिलला संध्याकाळी. गुरुवार-शुक्रवार सणाचे, लगेच शनिवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस. रविवारी परत निघालात तर दोन्ही सेदेर पदरात आणि रजा फक्त दोन दिवस. पूर्ण सण केलात तर सहा दिवस. तुमच्या यजमानांची रजा बिनपगारी, दिवसाला २१६ डॉलर. ही रक्कम केंद्राच्या दरपत्रकात दिसत नाही. ती धरली तर आठ रात्री सुमारे ८,५०० ला पडतात, चार रात्री ४,४३० ला. दहा महिन्यांची बचत धरून सणानंतर शिल्लक अनुक्रमे ४,७०० आणि ८,७७०, पेट्रोल वेगळं. पहिला आकडा तुमच्या महिन्याच्या खर्चाहूनही कमी आहे.

आठ रात्रींच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे. पूर्ण सण बाहेर काढला तर खामेत्स (पेसाहला घरात वर्ज्य असलेले खमिराचे पदार्थ) विकून घराला कुलूप लावता येतं. रविवारी परतलात तर स्वयंपाकघर आधीच तयार हवं, म्हणजे साफसफाई चुकत नाही. पण ती एकट्या तुमच्याच वाट्याला का? हा प्रश्न ३,२०० डॉलर न खर्चताही सुटू शकतो. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा!

केंद्र धर्मादाय आहे म्हणून करात सूट मिळेल असं धरू नका. खोली आणि जेवणाचं मोल म्हणजे देणगी नव्हे.

अनामत भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: रद्द केल्यास किती परत मिळेल, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत आहे का, आणि भात मिळतो का. अश्केनाझी (युरोपीय ज्यूंच्या) रिवाजात पेसाहला तांदूळ वर्ज्य असतो, तुमच्याकडे चालतो. चार दिवस मुलं नुसत्या मात्सा (बिनखमिराची रोटी) आणि बटाट्यावर राहतील का, हे तुम्हीच ठरवा.