केबल ओढली की निळी स्क्रीन: चूक यूजरची की ड्रायव्हरची?

प्रश्न: विंडोजसाठी स्टोरेज ड्रायव्हर लिहितोय. कॉपी चालू असताना टेस्टर केबल ओढतो आणि निळी स्क्रीन येते. सरप्राइझ रिमूव्हल (डिव्हाइस न सांगता निघाल्याची विंडोजची सूचना) आला की मी डिव्हाइस ऑब्जेक्ट (विंडोजमधली त्या डिव्हाइसची नोंद) तिथेच डिलीट करतो, ते बरोबर आहे ना? आमचे लीड म्हणतात, 'सेफली रिमूव्ह' न करता काढणं ही यूजरची चूक, यात वेळ घालवू नका.

उत्तर: नाही, तिथे डिलीट करायचा नाही. एवढ्यावर थांबणार होतो, पण तुमच्या लीडचं वाक्य वाचून राहवलं नाही. एक्सपीच्या काळात हेच वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय.

तेव्हा पीसी कार्डवरच्या एका डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. तक्रार अशी, की कार्ड ओढलं की कधीकधी लॅपटॉप गोठतो. निळी स्क्रीन नाही, डंप (क्रॅशच्या वेळची मेमरीची नोंद) नाही, माउसचा बाणही जागचा हलत नाही. आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही, त्यामुळे दाखवायला जावं तर फजिती. आमच्या सीनियरांनी बग 'यूजर एरर' म्हणून बंद केला. मी उघडला. त्यांनी पुन्हा बंद केला. असं तीनदा झालं.

शेवटी सिरियल केबलने कर्नल डीबगर जोडला आणि दुपारभर कार्ड घालत-ओढत बसलो. एकदाचा गोठला, ब्रेक मारला, तर स्टॅक आमच्याच डीपीसीत, म्हणजे इंटरप्टनंतरचं उरलेलं काम उरकणाऱ्या कोडमध्ये! स्टेटस रजिस्टर वाचायचं आणि बिझी बिट शून्य होईपर्यंत फिरत राहायचं, असा चार ओळींचा लूप. रजिस्टरमध्ये हेक्स आकड्यांत आठच्या आठ एफ. कार्ड निघून गेलं की त्या पत्त्यावर उत्तर द्यायला कोणी उरत नाही आणि रीडला सगळे बिट 1 येतात. बिझी बिटही त्यातच आला, मग लूप सुटतोय कसला! सीपीयू एकच, तो डिस्पॅच लेव्हलला, म्हणजे थ्रेड बदलणं थांबतं त्या पातळीला, अडकलेला, त्यामुळे कुठल्याच थ्रेडला पाळी नाही. सरप्राइझ रिमूव्हल येतो सिस्टीम थ्रेडमधून, म्हणजे तोही आमच्यापर्यंत पोचायचा नाही. त्याच्या हँडलरमध्ये तुम्ही कितीही नीटनेटका कोड लिहा, हार्डवेअर आधी जातं आणि आयआरपी (विंडोज ड्रायव्हरला पाठवतं ती विनंती, इथे सरप्राइझ रिमूव्हल) मागून येतो. मार बसतो तो मधल्या वेळेत.

लूपला मर्यादा घातली, सगळे एफ दिसले तर डिव्हाइस गेला समजून बाहेर. गोठणं बंद. चेंजलॉगमध्ये सीनियरांनी लिहिलं: 'किरकोळ सुधारणा'.

आता तुमचं. सरप्राइझ रिमूव्हलमध्ये 'गेला' असा फ्लॅग लावा, रांगेतले आयआरपी एररने पूर्ण करा, इंटरप्ट वगैरे सोडा, स्टेटस सक्सेस ठेवून आयआरपी खाली पाठवा. तो नाकारता येत नाही, नाकारायची सोय फक्त क्वेरी रिमूव्हला, म्हणजे 'काढू का?' असं आधी विचारणाऱ्या आयआरपीला. नंतर येणारे रीड-राइट परतवा, पण क्लीनअप आणि क्लोज (हँडल बंद होतानाचे आयआरपी) परतवू नका, ते येणारच. डिटॅच आणि डिलीट रिमूव्ह डिव्हाइस या शेवटच्या आयआरपीवर, तेही रिमूव्ह लॉक (चालू कामांची मोजणी ठेवणारं कुलूप) रिकामा झाल्यावर. आणि उघडी हँडल्स (प्रोग्रामने डिव्हाइसवर धरलेले दुवे) बंद होईपर्यंत रिमूव्ह डिव्हाइस येत नाही. तुमची कॉपी अजून हँडल धरून असताना तुम्ही ऑब्जेक्ट उडवताय, निळी स्क्रीन बहुधा तिथलीच. डंप न बघता यापुढे सांगणं म्हणजे पत्रिका बघणं. केएमडीएफ (मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर फ्रेमवर्क) वापरलंत तर यातलं बरंचसं फ्रेमवर्क सांभाळतं. तुमचे लूप मात्र तुमचेच.

लीडना एवढंच विचारा, की विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल' ('सेफली रिमूव्ह' न करता काढता यावी अशी सेटिंग) डीफॉल्ट का झालं? लोक ओढणार हे खुद्द विंडोजने गृहीत धरलंय. माझ्या त्या सीनियरांना मी याची लिंक पाठवली होती. उत्तर आलं नाही.

हो, एका बाबतीत लीडचं खरं आहे: कॅशमध्ये राहिलेला, डिस्कवर न गेलेला डेटा कुठलाही ड्रायव्हर परत आणत नाही. अर्धी फाइल अर्धीच राहणार. मशीन पडता कामा नये, एवढंच आपल्या हातात.

आणि ते सगळे एफ बघण्याचं डोळे मिटून करू नका, काही रजिस्टरांत ती खरी किंमतही असू शकते. आम्ही शंका आली की कॉन्फिग स्पेसमधला (कार्डाची ओळख ठेवणाऱ्या जागेतला) व्हेंडर आयडी, म्हणजे कंपनीचा क्रमांक, वाचून खात्री करायचो. जिवंत कार्डाचा तो कधीच सगळा एफ नसतो.