फोनवर लोकलहोस्ट म्हणजे फोनच

प्रश्न : गावच्या दूध संस्थेसाठी मी वेब ॲप करतोय. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल एवढं त्यात आहे. फ्रंटएंड (समोर दिसणारं पान) रिॲक्ट आणि व्हीटमध्ये, बॅकएंड (मागे डेटा सांभाळणारा सर्व्हर) जँगोत. पान ५१७३ पोर्टवर चालतं, जँगो ८००० वर. डेटा मागवला की कन्सोलमध्ये कॉर्सची लाल ओळ यायची. मित्राने ब्राउझरमध्ये एक एक्सटेन्शन टाकून दिलं, तेव्हापासून लॅपटॉपवर सगळं नीट चालतंय. पण सचिवांच्या फोनवर उघडलं तर पान दिसतं आणि आकडा एकही येत नाही. जँगोत सगळ्यांना परवानगी देऊन टाकू, की प्रॉक्सी लावू? प्रॉक्सी नेमकं करते तरी काय?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : आधी ते एक्सटेन्शन काढून टाका. अशी एक्सटेन्शनं सहसा येणाऱ्या प्रत्येक उत्तरात परवानगीचा हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ, घुसवतात, मग ते उत्तर तुमच्या जँगोचं असो की दुसऱ्या कुठल्या साइटचं. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही मेल आणि बँक उघडता, त्याचं कुलूप एका प्रोजेक्टसाठी उघडं ठेवू नका.

आता लाल ओळीचं. एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचा डेटा वाचू द्यायचा की नाही, हे ठरवण्याची ब्राउझरची पद्धत म्हणजे कॉर्स. ब्राउझरच्या लेखी पत्त्याचे तीन भाग महत्त्वाचे : प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. तिन्ही जुळले तरच दोन पत्ते एकाच ठिकाणचे. म्हणून तुमच्या एकाच लॅपटॉपवरचे ५१७३ आणि ८००० ब्राउझरला परके वाटतात. हा नियम १९९५च्या नेटस्केप नेव्हिगेटर २ पासून चालत आलाय आणि तो आहे म्हणूनच एका टॅबमधलं भलतं पान दुसऱ्या साइटवरचा तुमचा डेटा वाचू शकत नाही.

इथे बहुतेकांची गल्लत होते. जँगोच्या टर्मिनलमध्ये बघा, संकलनाची यादी मागवलेली रिक्वेस्ट तिथे पोचलेली दिसेल, पुढे २०० हा 'काम झालं' सांगणारा आकडाही असेल. म्हणजे जँगोने उत्तर दिलंय. ब्राउझरने ते घेतलं, त्यात परवानगीचा हेडर नाही हे पाहिलं आणि तुमच्या जावास्क्रिप्टच्या हाती दिलं नाही. नोंद जतन करताना मात्र वेगळं घडतं. तुम्ही जेसन, म्हणजे डेटा मांडायच्या ठरावीक मजकुरी रूपात, पाठवता, त्यामुळे ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची विचारणा करतो आणि तिला होकार मिळाला नाही तर खरी पोस्ट रिक्वेस्ट पाठवतच नाही. यादी सर्व्हरवरून निघते पण दिसत नाही, नोंद सर्व्हरपर्यंत जातच नाही. दोन्हीला कन्सोलमध्ये लाल ओळ सारखीच दिसते, म्हणून टर्मिनल आणि नेटवर्क टॅब शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या.

सचिवांच्या फोनकडे येऊ. तिथे एक्सटेन्शन नाही हे एक कारण झालं, पण मोठं कारण वेगळं आहे. तुमच्या कोडमध्ये 'लोकलहोस्ट ८०००' असं लिहिलेलं असणार. लोकलहोस्ट म्हणजे 'कोड चालतोय तेच यंत्र'. तो कोड चालतो सचिवांच्या फोनवर आणि फोनवर लोकलहोस्ट म्हणजे फोनच. तो स्वतःच्याच ८००० पोर्टवर जँगो शोधतोय. जँगोत तुम्ही साऱ्या जगाला परवानगी दिली असती तरी हे सुटलं नसतं.

प्रॉक्सीने दोन्ही सुटतं. पान ज्या व्हीटच्या सर्व्हरवरून येतं, त्यालाच सांगायचं : '/एपीआय'ने सुरू होणारी रिक्वेस्ट आली की ती तू स्वतः ८००० वर ने, उत्तर आण आणि मागणाऱ्याला दे. ब्राउझरला एकच पत्ता माहीत राहतो, ५१७३. परकं कुणी उरलं नाही, म्हणून कॉर्सचा प्रश्नच येत नाही. कॉर्स हा ब्राउझरचा नियम आहे. व्हीट आणि जँगो आपसात बोलतात तिथे ब्राउझर नसतोच. आणि ८००० वर जाण्याचं काम तुमच्या लॅपटॉपवरचा व्हीट करतो, फोन नाही, म्हणून 'लोकलहोस्ट'चा घोळही संपतो.

लावायची अशी. व्हीटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हर'च्या आत 'प्रॉक्सी' हा भाग लिहा. डावीकडे '/एपीआय', उजवीकडे जँगोचा पत्ता. तिथे लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ हा त्याच यंत्राचा आकड्यांतला पत्ता लिहा. व्हीट ज्यावर चालतो त्या नोडच्या १७व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही-६चा पत्ता असाही लागू शकतो. जँगो ऐकतो १२७.०.०.१ वर, आणि मग सर्व्हर चालू असूनही 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. त्यानंतर कोडमधला प्रत्येक 'लोकलहोस्ट ८०००' शोधून पुसा. फक्त '/एपीआय/संकलन/' असा पत्ता ठेवा, शेवटच्या स्लॅशसकट, कारण जँगो त्याबाबत काटेकोर असतो. जँगोतले पत्ते '/एपीआय'नेच सुरू होत असतील तर 'रीराइट'च्या, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याच्या, वाटेला जाऊ नका.

मी पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्याकडे कुणी नवं रुजू झालं की पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळ्या कोडमध्ये 'लोकलहोस्ट' शोधायला लावते. फ्रंटएंडच्या कोडला सर्व्हर कुठे आहे हे माहीतच नसावं, असं माझं ठाम मत आहे.

फोनवर तपासताना व्हीट '--होस्ट' लावून सुरू करा. टर्मिनलमध्ये १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसेल, तो त्याच वायफायवरच्या फोनमध्ये उघडा. जँगोला नेटवर्कवर आणायची गरज नाही, तो १२७.०.०.१ वरच राहू दे.

एक अडचण मात्र तुम्हाला नक्की भेटेल. लॉगिनसाठी जँगोचं सेशन वापरत असाल तर यादी दिसेल पण नोंद जतन करताना ४०३, म्हणजे नकार, येईल, 'ओरिजिन चेकिंग फेल्ड' असं म्हणत. जँगो ४.० पासून, म्हणजे २०२१च्या डिसेंबरपासून, रिक्वेस्टमधला ओरिजिन हेडर (रिक्वेस्ट कुठल्या पत्त्यावरच्या पानातून आली) होस्टशी (ती कुठल्या पत्त्यावर गेली) ताडून पाहतो. व्हीटच्या प्रॉक्सीत तुम्ही नुसता पत्ता लिहिलात की 'चेंज-ओरिजिन' आपोआप चालू होतं आणि ते होस्ट हेडर बदलतं, ओरिजिनला हात लावत नाही. म्हणजे होस्ट ८००० चा, ओरिजिन ५१७३ चा. ही तपासणी म्हणजे सीएसआरएफ, परक्या साइटने तुमच्या लॉगिनच्या आडून रिक्वेस्ट पाठवू नये म्हणून असलेली; ती बंद करणं हा उपाय नव्हे. जँगोच्या विश्वासू ओरिजिनांच्या यादीत लॅपटॉपचा आणि फोनवर उघडलेला, असे दोन्ही पत्ते 'एचटीटीपी'सकट लिहा. त्या आकड्यांवर कुणाच्या तरी घरचं दहा दिवसांचं बिल ठरणार आहे. नोंद करणारा खरा कोण, याची तपासणी ढिली होऊन चालणार नाही.

जँगोत सगळ्यांना परवानगी द्यावी का, याचं उत्तर त्यातच आलं. पान आणि डेटा खरोखरच दोन वेगळ्या डोमेनवर राहणार असतील तर कॉर्स नीट, नाव घेऊन मांडावं लागतं. तुमची संस्था एक, डोमेन एक. शिवाय सरसकट परवानगीचा तारांकित हेडर असेल तर ब्राउझर कुकीसह केलेल्या रिक्वेस्टचं उत्तर हाती देत नाहीच.

अजून एक. कधी ५०० (सर्व्हरकडची चूक) दिसलं तर लगेच जँगोला दोष देऊ नका. जँगो बंद असेल तर व्हीटची प्रॉक्सी स्वतःच ५०० देते. व्हीटच्या टर्मिनलमध्ये 'प्रॉक्सी एरर' आहे का ते आधी पाहा.

प्रश्न : प्रॉक्सी लावून सगळं छान चाललं होतं. बिल्ड करून सर्व्हरवर टाकलं आणि आता प्रत्येक रिक्वेस्टला 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे '<' असं येतं. बॅकएंड तर चालू आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : व्हीटची प्रॉक्सी डेव्हलपमेंट सर्व्हरमध्ये राहते. बिल्डमधून बाहेर पडतात त्या नुसत्या फाइली, त्यांच्यासोबत प्रॉक्सी येत नाही. '<' हे एचटीएमएलचं पहिलं अक्षर आहे. तुमचा वेब सर्व्हर अनोळखी पत्त्याला इंडेक्स फाइल देतोय आणि तुमचा कोड तिला जेसन समजून वाचायला बघतोय. '/एपीआय'चा एखादा पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडा; जेसनऐवजी ॲपचं पान आलं तर निदान पक्कं.

आता तेच काम एन्जिन-एक्स या वेब सर्व्हरला द्या : '/एपीआय/' साठी वेगळा 'लोकेशन' भाग आणि त्यात 'प्रॉक्सी-पास'. तिथे शेवटच्या स्लॅशकडे नीट लक्ष द्या. पोर्टनंतर काहीच नसेल तर पत्ता '/एपीआय'सकट तसाच पुढे जातो. पोर्टनंतर स्लॅश दिला तर '/एपीआय/' एवढा भाग गळून पडतो आणि बॅकएंड ४०४, म्हणजे 'पत्ता सापडला नाही', देतो.

राधानगरीच्या वाचकांनी इथे आणखी दोन गोष्टी कराव्यात. एन्जिन-एक्स आपणहून मूळ होस्ट पुढे पाठवत नाही, तो हेडर लिहून द्यावा लागतो. साइट एचटीटीपीएसवर असेल तर बाहेरचा प्रोटोकॉलही हेडरने कळवून जँगोच्या सेटिंगमध्ये तो हेडर ओळखायला सांगावं लागतं. नाही तर तेच ४०३ पुन्हा येईल. आणि पुढेमागे सभासदांचे फोटो किंवा पासबुकाची पानं चढवणार असाल तर एन्जिन-एक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे. त्यापुढे तो ४१३, म्हणजे 'फाइल फार मोठी', देतो आणि ती रिक्वेस्ट जँगोच्या लॉगमध्ये दिसणारच नाही.