अमेरिकेतल्या ‘प्रो-लाइफ’ शैक्षणिक संस्था नक्की काय काम करतात आणि त्यांचा पैसा कुठून येतो, कुठे जातो?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विद्यापीठाच्या आवारात काही लोकांनी टेबल मांडलं होतं, त्यांनी तुमच्या हातात बोटभर लांबीचं प्लास्टिकचं बाळ ठेवलं, आणि वर्गाला उशीर होत होता म्हणून तुम्ही निघून आलात. हे लोक कोण, यांना पैसा कोण पुरवतं, हे एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते आहेत का, आणि दहा-वीस डॉलर द्यावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मूळचा वसईचा, बरीच वर्षं ओहायोत राहतो, पेशाने हिशेबनीस, आणि अशाच एका छोट्या स्थानिक ‘प्रो-लाइफ’, म्हणजे गर्भपाताला विरोध करणाऱ्या, शैक्षणिक संस्थेचा बिनपगारी खजिनदार. माझी बाजू आधीच सांगतो: पोटातलं मूल हे माणूसच आहे असं मी मनापासून मानतो. पण जमाखर्चाचे नियम दोन्ही बाजूंच्या संस्थांना सारखेच आहेत. पैशांबद्दल मी जे सांगणार आहे ते गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थेलाही जसंच्या तसं लावून बघा.

आधी एक घोळ दूर करू. ‘प्रो-लाइफ संस्था’ म्हणून लोक ज्यांना एकत्र मोजतात त्या तीन वेगळ्या जातीच्या असतात. पहिली शैक्षणिक: टेबल, व्याख्यानं, शाळा-कॉलेजातली सत्रं, पत्रकं. दुसरी म्हणजे गर्भवती स्त्रियांना मदत करणारी केंद्रं: तिथे गर्भचाचणी, कुठे कुठे सोनोग्राफी, डायपर, बाळाचे कपडे, गाडीत बसवायची सीट मिळते. तिसरी राजकीय: आमदारांकडे पाठपुरावा, निवडणुकीत कोणाला पाठिंबा ते जाहीर करणं. सरकारी पैशाबद्दल तुम्ही काही वाचलं असेल तर ते बहुतेक दुसऱ्या प्रकाराबद्दल असणार. टेक्ससने 2023 मध्ये अशा मदतकार्यासाठी दोन वर्षांचे मिळून 14 कोटी डॉलर मंजूर केले. उलट पेनसिल्व्हेनियाने 1990 च्या दशकापासून चालत आलेलं असंच मदतकार्याचं कंत्राट 2023 अखेर बंद केलं. टेबल लावणाऱ्या आमच्यासारख्यांना सरकारचा एक डॉलरही मिळत नाही.

तुम्हाला दिसलं ते टेबल हा आमच्या कामाचा मुख्य भाग. जानेवारीत चर्चमधून, उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत, सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉलेजांमध्ये. जत्रेत शेजारी कोणी मक्याची कणसं विकत असतं, पलीकडे गाईवासरांचं प्रदर्शन असतं, आणि मधे आमचा आठ फुटी फोल्डिंग टेबलाचा संसार. त्यावर गर्भाच्या वाढीच्या टप्प्यांच्या प्रतिकृती मांडलेल्या. मुलं धावत येतात, उचलून बघतात, आईला विचारतात. आईबाप कधी थांबतात, कधी मुलाचा हात धरून पुढे ओढतात. भांडायला येणारे कमी. स्वतःची गोष्ट सांगायला येणारे जास्त. एखादी आजी बारा आठवड्यांची प्रतिकृती हातात घेते आणि पन्नास वर्षांपूर्वी पोटात गेलेल्या मुलाबद्दल बोलायला लागते. अशा वेळी स्वयंसेवकाने पत्रक पुढे करायचं नाही, ऐकायचं, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो.

त्या प्रतिकृतीबद्दलही सांगतो, कारण शिक्षण म्हणवणाऱ्या कामाची पारख तिथेच होते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भधारणेपासून मोजलं तर आकडा दोन आठवड्यांनी कमी येतो. बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृतींवर कधी ही गणना असते, कधी ती. डॉक्टरांच्या गणनेने बारा आठवड्यांचा गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत पाच ते सहा सेंटिमीटर असतो. खोक्यावर कोणती गणना आहे हे न बघता टेबलावर ‘बारा आठवडे’ अशी पाटी लावली तर नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा चूक काढेल, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावर तिने विश्वास का ठेवावा?

या चळवळीतल्या शिक्षणाची पद्धत बऱ्याच अंशी इथे ओहायोतच घडली. सिनसिनाटीचे डॉक्टर जॅक विल्के आणि त्यांच्या पत्नी बार्बरा, ज्या नर्स होत्या, 1970 च्या दशकात स्लाइड घेऊन गावोगाव व्याख्यानं देत फिरले. विल्के पुढे 1980 च्या दशकात नॅशनल राइट टू लाइफ कमिटी या देशव्यापी गर्भपातविरोधी संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण बलात्कारातून गर्भ क्वचितच राहतो हा दावाही त्यांनी पसरवला, आणि त्याला वैद्यकीय आधार नव्हता. 2012 मध्ये मिसूरीत रिपब्लिकन उमेदवार टॉड एकिन यांनी सिनेटच्या प्रचारात तोच मुद्दा मांडला, देशभर संताप झाला, आणि ते निवडणूक हरले. तसंच गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग होतो हा दावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2003 मध्ये शंभराहून अधिक तज्ज्ञ बोलावून त्यावर चर्चा घडवली आणि असा धोका वाढत नाही असा निष्कर्ष निघाला. तरीही काही संस्थांच्या पत्रकांत तो अजून छापला जातो. मला याची चीड येते. ज्या बाळासाठी आपण उभे आहोत असं म्हणतो, त्याच्यासाठी खोटं बोलायची गरज काय?

मोठमोठ्या रक्तबंबाळ छायाचित्रांबद्दलही माझं मत हेच आहे. अमेरिकेतले नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भपात तेरा आठवड्यांच्या आत होतात आणि आता निम्म्याहून जास्त गोळ्यांनी होतात. सातव्या-आठव्या महिन्याचं चित्र फलकावर लावून लोकांना वाटावं की सगळं असंच चालतं, हे शिक्षण नव्हे. शिवाय त्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी त्याच आठवड्यात गर्भ गमावलेला असतो.

आता पैसा. येतो कुठून, तर मुख्यतः लहान देणगीदारांकडून, आणि बराचसा चर्चमधून. सर्वात ओळखीचा प्रकार म्हणजे दुधाच्या बाटल्या. रविवारच्या मिस्सानंतर दाराशी रिकाम्या फीडिंग बॉटल ठेवतात, लोक घरी नेतात, सुटे पैसे टाकतात आणि काही आठवड्यांनी परत आणून देतात. जानेवारीत, किंवा मदर्स डे ते फादर्स डे या काळात. वसईच्या चर्चमध्ये दानपेटीचे पैसे मोजायला बसणाऱ्यांना हे दृश्य समजेल: चिकट झालेली नाणी, घडी घालून कोंबलेले चेक, एखादं बटण, एखादी चिठ्ठी. आमच्याकडे मोजायला कायम दोन माणसं असतात आणि ती एकाच घरातली चालत नाहीत. तक्त्यावर दोघांच्या सह्या, तीच रक्कम बँकेच्या स्लिपवर, आणि वहीत नोंद करणारा तिसराच. बाटल्यांतून येणारी रक्कम फार मोठी नसते, पण ज्या घरात बाटली महिनाभर ओट्यावर राहिली तिथून पुढे वर्षानुवर्षं चेक येत राहतात.

बाटल्यांखालोखाल वार्षिक जेवण. एक सभागृह, गोल टेबलं. प्रत्येक टेबलाचा एक यजमान आपल्या ओळखीचे सात-आठ जण आणतो, कोणी वक्ता बोलतो आणि शेवटी देणगीची कार्डं फिरतात. लहान संस्थेचं वर्ष या एका संध्याकाळीवर तरतं किंवा बुडतं. कधी एखादा म्हातारा देणगीदार मृत्युपत्रात रक्कम ठेवून जातो. अशी रक्कम आली की मंडळातल्या सगळ्यांना एकदम नवनव्या कल्पना सुचतात, आणि खजिनदाराचं काम असतं की ती रक्कम रोजच्या खर्चात विरघळू द्यायची नाही.

खर्चात सर्वात मोठा वाटा पगारांचा. त्यानंतर छपाई, टपाल, भाडं, विमा. हे वाचून लोक नाराज होतात, ‘पगारालाच एवढे?’ म्हणतात. पण वर्गात जाऊन बोलणारी शिक्षिका हेच तर काम आहे. पगार दिसला म्हणून घाबरू नका. कोणाला, किती आणि कशासाठी ते बघा.

आणि ते बघता येतं. अशा संस्था करकायद्याच्या 501(सी)(3) कलमाखाली, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थांत, येतात आणि दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, फॉर्म 990 हे जमाखर्चाचं विवरण भरतात. वार्षिक जमा साधारण 50,000 डॉलरपर्यंत असेल तर नुसतं ई-पोस्टकार्ड पुरतं. जमा 2 लाखांपेक्षा आणि मालमत्ता 5 लाखांपेक्षा कमी असेल तर छोटा फॉर्म. त्यावर पूर्ण फॉर्म. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाका, फुकट वाचता येतो. पाचेक हजारांवरच्या देणगीदारांची नावं सार्वजनिक प्रतीत नसतात, त्यामुळे ‘यांच्यामागे कोण आहे’ याचं पूर्ण उत्तर तिथे मिळणार नाही. चर्चना हा फॉर्म भरावाच लागत नाही, आणि काही मोठ्या ख्रिस्ती संस्थांनी आयआरएसकडून चर्चचा दर्जा घेऊन स्वतःला यातून मोकळं केलंय. माझ्या मते हे वाईट आहे. लोकांकडून पैसे मागायचे तर वही उघडी ठेवायला हवी.

पूर्ण फॉर्ममधला नववा भाग वाचा. त्यात प्रत्येक खर्च तीन रकान्यांत विभागलेला असतो: प्रत्यक्ष काम, कार्यालय, निधीसंकलन. संस्था अभिमानाने सांगतात, ‘तुमच्या डॉलरमधले 85 सेंट कामावर जातात.’ हा आकडा कसा तयार होतो ते बघा. समजा दहा हजार घरांना पत्र गेलं. पत्रात दोन परिच्छेद गर्भाच्या वाढीबद्दल, दोन परिच्छेद पैसे पाठवा म्हणून. छपाई-टपालाचा खर्च शिक्षण धरायचा की निधीसंकलन? नियम असा की पत्र शिक्षणाच्या हेतूने, योग्य लोकांना, काही ठोस कृती करायला सांगणारं असेल तरच खर्चाची वाटणी करता येते. ‘जागरूक व्हा’ एवढं म्हणणं ठोस कृती नव्हे. अशी वाटणी केली असेल तर त्याच भागात शेवटच्या, 26 व्या ओळीवर दिसते. तिथे मोठी रक्कम असेल आणि पगार-प्रवासाच्या ओळी किरकोळ असतील, तर ही संस्था मुख्यतः पत्रं पाठवते असं समजा, तिचं नाव कितीही शैक्षणिक असो. जोडीला शेड्यूल जी ही फॉर्मची पुरवणी बघा: बाहेरच्या निधीसंकलन कंपनीने किती गोळा केले आणि त्यातले स्वतः किती ठेवले हे तिथे लिहिलेलं असतं. काही वेळा ते आकडे वाचून पोटात गोळा येतो.

पक्षाचे लोक आहेत का? 501(सी)(3) संस्थेला 1954 पासून उमेदवाराला पाठिंबा द्यायला किंवा विरोध करायला मनाई आहे. कायद्यांबद्दल मात्र मर्यादेत बोलता येतं. संस्थेने 501(एच), म्हणजे ही मर्यादा खर्चाच्या आकड्यात मोजण्याचा पर्याय, निवडला असेल तर पहिल्या 5 लाख डॉलर खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत. म्हणजे वर्षाला 3 लाख खर्च करणारी संस्था 60,000 पर्यंत. ओहायोत नोव्हेंबर 2023 मध्ये इश्यू 1 मतदानाला आला, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव, तेव्हा ही मर्यादा सगळ्यांनाच आठवली. सार्वमतात मतदार स्वतःच कायदा करत असतो, म्हणून ‘नाही म्हणून मत द्या’ हे पत्रक शिक्षणात धरता येत नाही, ते लॉबिंगच, म्हणजे कायदा घडवण्या-रोखण्यासाठीचा प्रचार. प्रस्ताव सुमारे 57 टक्के मतांनी मंजूर झाला. आमची बाजू हरली, आणि मला त्याचं दुःख आहे. पण त्या दिवसांतला प्रत्येक फलक आणि प्रत्येक तास योग्य रकान्यात गेला पाहिजे, यात तडजोड चालत नाही. अनेक ठिकाणी शैक्षणिक संस्था आणि तिची राजकीय भावंड-संस्था एकाच कार्यालयात बसतात, एकच माणूस सकाळी इकडचं आणि दुपारी तिकडचं काम करतो. त्याच्या वेळेची लेखी नोंद नसेल तर शिक्षणासाठी दिलेला पैसा राजकारणात कधी गेला ते कोणालाच कळत नाही.

इकडे आलेल्या मराठी माणसाचा अजून एक गोंधळ होतो. आपल्याकडे ‘लेक वाचवा’ ऐकत मोठे झाल्यामुळे तीच ही चळवळ असं वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रातली लढाई लिंगनिदानाविरुद्ध आहे. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. ती लढणाऱ्यांतल्या कित्येक जणी कायदेशीर गर्भपाताच्या हक्काच्या पक्क्या समर्थक आहेत. इथल्या टेबलावर कोणी भारताचं उदाहरण देऊन दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर त्याला हा फरक जरूर सांगा.

द्यावे का? मत पटत नसेल तर अजिबात देऊ नका, संकोचाने तर नकोच. पटत असेल तर आधी थोडे द्या आणि कशासाठी ते चेकवर लिहा, म्हणजे ती रक्कम त्याच कामासाठी राखून ठेवावी लागते. करबचतीचा विचार सोडून द्या: एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरचे बहुतेक भारतीय विद्यार्थी भारत-अमेरिका करविषयक कराराच्या 21(2) कलमाखाली स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक सरसकट वजावट, घेतात, आणि दहा-वीस डॉलरच्या देणगीने त्यांच्या करात फारसा फरक पडत नाही. टेबलावरच्या माणसाला विचारा की मागच्या वर्षी किती वर्गांत बोललात, पत्रकातली वैद्यकीय माहिती कोणा डॉक्टरने तपासली, तुमच्या राजकीय संस्थेबरोबर भाडं कसं वाटून घेता. फॉर्म 990 च्या मागच्या तीन वर्षांच्या प्रती मागायचा तुम्हाला हक्क आहे. कार्यालयात जाऊन मागितल्या तर सहसा त्याच दिवशी, पत्राने मागितल्या तर 30 दिवसांत द्याव्या लागतात, किंवा सगळ्यांना वाचता येतील अशा ऑनलाइन कुठे ठेवल्यात ते सांगावं लागतं. टाळाटाळ झाली तर तुमचे वीस डॉलर खिशातच राहू द्या.